जुनी गाडी सुरू होते, पण लगेच बंद पडते: दोष कसा शोधावा

कार्ब्युरेटरची (पेट्रोल व हवा मिसळणारा भाग असलेली) जुनी गाडी सेल्फ मारताच सुरू होते, थोडा वेळ बरी चालते आणि मग मान टाकते. मुळीच सुरू न होणाऱ्या गाडीपेक्षा हा दोष अधिक फसवा असतो. गाडी एकदा सुरू झाली याचाच अर्थ पेट्रोल, हवा, स्पार्क आणि कॉम्प्रेशन या चारही गोष्टी निदान तेवढ्यापुरत्या जागेवर होत्या, आणि त्यांपैकी नेमकी कोणती टिकत नाही हे बॉनेट उघडून नुसते पाहिल्याने कळत नाही. ते कळते गाडी बंद पडण्याच्या वेळेवरून आणि रीतीवरून. किल्ली सोडताक्षणी बंद पडणारी, चार-पाच सेकंद धडपडून बंद पडणारी आणि तीन मिनिटे व्यवस्थित चालून बंद पडणारी अशा तीन गाड्यांचे दोष बहुधा तीन निरनिराळे असतात. हे न पाहता प्लग, कॉइल, पंप असे एकेक भाग बदलत गेल्यास कधीतरी दोष सापडतोही, पण तोवर खिसा बराच हलका झालेला असतो.

पुढील विवेचन मुख्यतः कार्ब्युरेटरची मारुती ८०० आणि प्रीमियर पद्मिनी डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. पहिलीचे इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे. दुसरीचे चार सिलिंडरचे, १,०८९ सीसीचे. पुण्यात अशा गाड्या अजूनही हौसेने सांभाळलेल्या दिसतात आणि त्यांच्या सुट्या भागांसाठी नाना पेठेत चक्कर मारली की सहसा रिकाम्या हाताने परतावे लागत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टींची काळजी घ्यावी. सोसायटीच्या तळघरातील वाहनतळात किंवा बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवून मिश्रण दाट करणारी झडप) ओढलेल्या गाडीच्या धुरात तो अधिक असतो. गाडी ढकलून मोकळ्यावर आणावी. दुसरे म्हणजे, कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून गाडी सुरू करण्याची जी सवय काही मिस्त्रींना असते, तिचे अनुकरण करू नये. इंजिनाने उलटा भडका मारला तर ती पेटती बाटली आपल्या हातात असते. पेट्रोलची नळी सोडण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे आणि जवळ अग्निशामक ठेवावे.

पहिली पायरी: घड्याळ आणि वही

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी तपासावी, कारण गरम इंजिन निम्मे दोष लपवते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातील पहाटेचा गारवा बराच खाली उतरतो, तेव्हा हे दोष अधिक ठळक दिसतात. चोक ओढून सेल्फ मारावा आणि पुढील गोष्टी टिपून ठेवाव्यात: गाडी किती सेकंदांनी बंद पडली; बंद पडताना दिवा मालवावा तशी एकदम पडली की मिसिंग करत, आचके देत, हळूहळू विझली; ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरल्यास ती टिकते का; लगेच पुन्हा सुरू होते की थोडे थांबावे लागते; आणि पेट्रोलचा उग्र वास किंवा काळा धूर येतो का. जी एकदम बंद पडते तिच्या बाबतीत संशय आधी विजेवर घ्यावा आणि जी विझत जाते तिच्या बाबतीत पेट्रोलवर. हा नियम अचूक नाही, परंतु शोध कोठून सुरू करावा हे ठरवण्यास पुरेसा आहे.

किल्ली सोडताच बंद

सेल्फ फिरत असेपर्यंत इंजिन पेट घेते आणि बोटांनी किल्ली मागे सोडताक्षणी बंद पडते, हा प्रकार ओळखण्यास सर्वांत सोपा आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत कॉइलला (प्लगसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या भागाला) जाणारा प्रवाह दोन वाटांनी येतो. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब उतरलेला असतो, म्हणून त्या वेळी कॉइलला थेट प्रवाह मिळतो. किल्ली सोडली की तोच प्रवाह बॅलास्ट रेझिस्टरमधून (प्रवाह कमी करणाऱ्या रोधातून) जातो. रेझिस्टर जळाला किंवा किल्लीच्या स्विचमधील एक संपर्क झिजला, तर पहिली वाट चालू राहते आणि दुसरी तुटते. टेस्ट लॅम्पचे एक टोक कॉइलच्या धन टोकाला व दुसरे इंजिनाच्या धातूला लावून पाहावे. सेल्फ मारताना दिवा लागतो आणि किल्ली केवळ 'चालू' वर असताना मुळीच लागत नाही, असे आढळल्यास शोध तेथेच संपतो. रेझिस्टर काढून कायमची थेट तार जोडण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. गाडी त्या दिवशी चालेल, पण कॉइल तापून जाईल आणि पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, लवकर जळतील.

पॉइंट असलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्रत्येक प्लगला आळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागात) पॉइंटमधील फटीचे अंतर फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजावे. ते साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असावे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. कंडेन्सर (पॉइंटवरील ठिणगी शोषणारा भाग) कमकुवत झाला की पॉइंटवर जळल्याचे खड्डे दिसतात आणि गाडी तापल्यावर दगा देते. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओलावा किंवा आतून पेन्सिलीच्या रेघेसारखा बारीक काळा माग दिसल्यास वीज त्या वाटेने भलतीकडेच पळत असते. पावसाळ्यात हे विशेषकरून तपासावे. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही: रात्री अंधारात बॉनेट उघडून, चालू इंजिनाला हात न लावता नुसते पाहावे. खराब झालेल्या प्लग वायरीवरून निळ्या ठिणग्या इंजिनाच्या अंगावर उड्या मारताना दिसतात, आणि प्रत्येक उडीबरोबर बारीक 'टिक्' असा आवाज येतो.

चार-पाच सेकंदांत बंद

या गटातील बहुतेक गाड्या ॲक्सिलरेटर दाबून धरला की चालत राहतात आणि पाय काढला की बंद पडतात. येथे पेट्रोल पोहोचत असते, पण 'स्लो'ला, म्हणजे पाय काढलेल्या स्थितीत, मिश्रण जमत नाही. स्लो स्क्रू आवळून आयडलिंग वाढवणे हा यावरील उपाय नव्हे. तसे केल्याने दोष झाकला जातो आणि गाडी सिग्नलला उगाच रेस घेत उभी राहते.

सर्वांत आधी चोक पाहावा. पेट्रोल जळते ते वाफेच्या रूपात, आणि थंड इंजिनात त्याची वाफ पुरेशी होत नाही. म्हणून सुरुवातीला हवेची वाट अडवून मिश्रण दाट करावे लागते. गरम इंजिनात एक भाग पेट्रोल जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. थंड इंजिनाला त्याहून बरेच दाट मिश्रण हवे असते. एअर फिल्टरचे झाकण काढावे आणि दुसऱ्या व्यक्तीस आत बसून चोकची मूठ ओढण्यास सांगावे. मूठ पूर्ण बाहेर येते, पण कार्ब्युरेटरच्या तोंडावरील पातळ झडप अर्धीच मिटते, असे कितीदा तरी आढळते. केबलचा स्क्रू सैल होऊन ती घसरलेली असते. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि त्यासाठी कोणताही भाग विकत आणावा लागत नाही.

चोक ठीक असेल तर त्याच झडपेचा उपयोग तपासणीसाठी करता येतो, आणि माझ्या मते सबंध कामातील ही सर्वांत मोलाची युक्ती आहे. गाडी कशीबशी चालू ठेवून झडप बोटाने सावकाश थोडी मिटवावी. इंजिन सुधारले, आवाज भरीव झाला, तर मिश्रण पातळ आहे: एकतर स्लो जेटमध्ये (स्लोला पेट्रोल देणाऱ्या बारीक छिद्राच्या तोटीत) कचरा आहे किंवा कोठून तरी जादा हवा शिरते आहे. उलट इंजिन आणखी गुदमरले तर मिश्रण आधीच दाट आहे. मग फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधील पेट्रोल साठवणारी वाटी) ओव्हरफ्लो होत आहे का, त्यात पेट्रोल सोडणारा नीडल व्हॉल्व्ह नीट बसतो का, एअर फिल्टर धुळीने भरला आहे का, या दिशेने जावे. उंचीचाही येथे थोडा संबंध येतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर असल्याने पुण्यात काठावर दाट ठेवलेले मिश्रण तेथील विरळ हवेत अधिकच दाट होते, आणि घरी बरी असलेली गाडी वर जाऊन स्लोला बंद पडू लागते.

जादा हवा बहुधा तीन ठिकाणांहून शिरते: कार्ब्युरेटरच्या बुडाखालील पॅकिंग, इनटेक मॅनिफोल्डचे (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीचे) पॅकिंग आणि तडकलेल्या व्हॅक्यूमच्या नळ्या. ब्रेक बूस्टर असलेल्या गाडीत त्याची जाड नळीही तपासावी. फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचे पाणी घेऊन चालू इंजिनाच्या या सांध्यांवर थोडे थोडे मारावे, डिस्ट्रिब्युटर आणि वायरी मात्र सांभाळाव्यात. ज्या सांध्यावर पाणी पडताच इंजिनाचा आवाज बदलतो तेथे गळती आहे. काहीजण यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर वापरतात. गरम सायलेन्सरच्या शेजारी ते करणे मला अजिबात मान्य नाही.

स्लो जेट साफ करण्यापूर्वी त्याच्या वाटेवर विजेची झडप, म्हणजे सोलेनॉइड, आहे का ते पाहावे. किल्ली 'चालू' वर असताना तिची वायर काढून पुन्हा टेकवली की 'टक्' असा आवाज आला पाहिजे. आवाज नसेल आणि वायरीत प्रवाह असेल, तर झडप गेली. प्रवाहच नसेल, तर वायर तपासावी. उंदीर-घुशींनी कुरतडलेल्या वायरी ही वाहनतळात उभ्या राहणाऱ्या गाड्यांची नेहमीची व्यथा आहे. जेट काढल्यावर तो उजेडाकडे धरून पाहावा. सुईच्या अग्राएवढे ते छिद्र स्वच्छ गोल दिसले पाहिजे. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब यांनीच ते साफ करावे, तार घालू नये, कारण पितळ मऊ असते आणि तारेने छिद्र मोठे होते. मिक्श्चर स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत नेताना किती फेरे बसतात ते मोजून वहीत लिहावे.

काही मिनिटे चालून बंद

हा प्रकार मी स्वतः भोगला आहे. माझ्या १९९७ सालच्या मारुती ८०० ला एका हिवाळ्यात ही खोड लागली. सकाळी ती पहिल्या सेल्फला सुरू होई, तीन-साडेतीन मिनिटे शिवणयंत्रासारखी चाले आणि मग आचके देत विझे. दहा मिनिटे थांबून, भरपूर सेल्फ मारला की पुन्हा तेच. एका गॅरेजने प्लग, कॉइल आणि रोटर बदलला, दुसऱ्याने कार्ब्युरेटर खोलून साफ केला. दोघांच्याही कामात तसा दोष नव्हता, पण गाडी साडेतीन मिनिटांनीच का बंद पडते हा प्रश्न दोघांनीही विचारला नाही, आणि तोवर मलाही तो सुचला नव्हता.

उत्तर साध्या हिशोबात आहे. लहान गाडी स्लोवर उभी असताना तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल घेते, म्हणजे मिनिटाला दहा मिलिलिटरच्या आसपास. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये दहा मिलिलिटरच्या काही पट पेट्रोल साठलेले असते. टाकीतून एक थेंबही आला नाही तरी गाडी तेवढ्या साठ्यावर काही मिनिटे चालते आणि साठा संपला की मरते. चोक ओढलेला असेल किंवा रेस दिली तर त्याहून लवकर. तेव्हा ठरावीक मिनिटांनी विझणाऱ्या गाडीत संशय कार्ब्युरेटरवर न घेता त्याच्या अलीकडच्या सगळ्या वाटेवर घ्यावा: टाकीचे झाकण, टाकीतील जाळी, नळ्या, फिल्टर आणि पंप.

झाकणापासून सुरुवात करावी. टाकीतून पेट्रोल जाते तेवढी हवा आत यावी लागते. झाकणातील किंवा टाकीच्या नळीतील ती वाट बुजली की टाकीत पोकळी निर्माण होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गाडी बंद पडताच झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा 'सुस्स' असा आवाज आला आणि गाडी लगेच पूर्ववत झाली, तर दोष सापडला. स्कूटर चालवलेल्या वाचकांना हे नवे नाही, फक्त तेथे आधी पेट्रोल कॉक चालू आहे ना हे पाहून ओशाळण्याचीही तयारी ठेवावी लागते.

त्यानंतर पंप. कॉइलची वायर काढून ठेवावी, म्हणजे ठिणगी पडणार नाही. मग कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडून तिचे तोंड पारदर्शक बाटलीत धरावे आणि दहा सेकंद सेल्फ मारावा. धडधाकट पंप प्रत्येक ठोक्याला जोरदार पिचकारी मारतो. धार लुळी असेल तर फिल्टर बदलून पुन्हा पाहावे. पंपाचा डायफ्रॅम (आतील लवचीक पडदा) फाटला असेल, तर पेट्रोल गळून इंजिनातील ऑइलमध्ये उतरू शकते. डिपस्टिक काढून वास घ्यावा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा त्याची पातळी वाढलेली दिसली, तर गाडी चालवू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते.

माझ्या गाडीत पंपही चांगला निघाला, तरी पिचकारीत मधूनमधून बुडबुडे येत होते. तेथेच खरे उत्तर होते. टाकीपासून पंपापर्यंतचा भाग ओढीखाली असतो, त्यामुळे तेथील नळीला चीर पडली तर चालू गाडीत पेट्रोल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. खाली डाग नाही, वास नाही, म्हणून कोणी तिकडे पाहत नाही. मागच्या चाकाशेजारी, लोखंडी नळी जेथे रबरी तुकड्याने टाकीला जोडली होती, तेथे क्लिपच्या कडेला नखाएवढी चीर होती. नळी वाकवली तरच दिसणारी. पंधरा-वीस सेंटिमीटर नवी नळी आणि दोन क्लिपा, एवढ्यावर ते प्रकरण मिटले.

रबरी नळ्यांच्या बाबतीत आता एक नवे कारण जोडले गेले आहे. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले आहे, आणि त्यासाठी न बनवलेले जुने रबर इथेनॉलने फुगते, मऊ पडते किंवा तडकते. नळ्या बदलताना इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्याच मागून घ्याव्यात आणि एक बदलायची तर सगळ्या बदलाव्यात. इथेनॉल पाणीही ओढून घेते. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत हे पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी यांचा वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. पंपाच्या तपासणीत मिळालेले पेट्रोल बाटलीत दहा मिनिटे स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर टाकी उपसण्याला पर्याय नाही.

तापल्यावर बंद

गाडी थंड असताना उत्तम चालते आणि तापल्यावर बंद पडून अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते, अशा वेळी कॉइल आणि कंडेन्सर आधी तपासावेत. बंद पडताक्षणी, कॉइल गार होण्यापूर्वी, जादा प्लग वायरीला जोडून इंजिनाच्या धातूवर टेकवून ठेवावा आणि सेल्फ मारताना स्पार्क पाहावा. वायर हातात मात्र धरू नये. तो निळसर-पांढरा असेल तर विजेचा संशय सोडावा. पिवळट आणि अशक्त असेल किंवा मुळीच नसेल तर दोष विजेत आहे. उन्हाळ्यात घाट चढून थांबल्यावर नळीतील पेट्रोलची वाफ होऊन पंप लुळा पडणे हाही प्रकार जुन्या गाड्यांत होतो. बॉनेट उघडून थांबणे आणि नळी सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर नेणे एवढाच त्यावर उपाय आहे.

बरेच दिवस उभ्या गाडीचा सायलेन्सरही पाहावा. नळीच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचे घर करते, आणि धूर कोंडला की इंजिन सुरू होऊन गुदमरते.

इंजेक्शनच्या आणि डिझेलच्या गाड्या

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी विजेवर चालणाऱ्या फवाऱ्यांनी पेट्रोल देणाऱ्या, गाडीत वरीलपैकी चोक आणि जेट नाहीत. ती एक-दोन सेकंदांत बंद पडत असेल आणि डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा (चोरीविरोधी यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल, तर दुसरी किल्ली लावून पाहावी. दिवा ठीक असेल तर थ्रॉटल बॉडीतील (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागातील) कार्बन आणि आयडलिंग सांभाळणारी झडप साफ करून घ्यावी. त्यापुढे स्कॅनरशिवाय अंदाज करू नये. पिंपरीत तयार झालेल्या जुन्या इंडिकासारख्या डिझेल गाडीत याच लक्षणाचा अर्थ बहुधा नळीत शिरलेली हवा असा असतो. फिल्टरजवळचा हातपंप दाबून हवा काढावी, पण हवा शिरली कोठून तेही शोधावे, नाहीतर आठवड्याने तेच काम पुन्हा निघते.

दुरुस्तीनंतर लगेच समाधान मानू नये. गाडी रात्रभर उभी करून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घड्याळ लावावे: चोक ओढून सुरू करावी, मिनिटभराने तो थोडा थोडा आत सोडावा, आणि पूर्ण आत गेल्यावर, दिवे लावलेले असताना, पाय न देता गाडी दहा मिनिटे स्लोवर उभी ठेवावी. इतक्या वेळात फ्लोट चेंबरमधील पहिले पेट्रोल केव्हाच संपलेले असते. त्यानंतरही ती चालत राहिली, तर टाकीपासूनची वाट मोकळी झाली आहे असे समजून एअर फिल्टरचे झाकण बसवण्यास हरकत नाही.